ओट्याची उंची

१९८६, भाद्रपद शुद्ध षष्ठी. महालक्ष्म्या घरी आल्या होत्या आणि उद्या त्यांचं जेवण, म्हणून मी पुरणाची डाळ निवडत होते. खुर्चीवर बसून, सूप मांडीवर घेऊन. खिडकीतून कपाशीच्या ओल्या पऱ्हाटीचा हिरवा, जड वास येत होता, आणि पावसाळी हवेने उजव्या गुडघ्यातला धातू आतून गार पडल्यासारखा वाटत होता.

हा गुडघा नागपूरचा. आदल्या वर्षी तिथल्या डॉक्टरांनी झिजलेला सांधा काढून नवा बसवला. तो वाकवायला शिकताना मी पदराचा बोळा दातांत धरत असे. पुढे काठी सुटली, सिंदी गावच्या बाजारात पायी हिंडू लागले. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बाकी ऑपरेशन यशस्वी, असं डॉक्टर म्हणाले. पण आमच्या घरात बाईचं यश चालण्यावर नाही, बसण्यावर ठरतं. चूल तेव्हा जमिनीवर होती, आणि महालक्ष्म्यांचं पुरण रांधायचा मान चुलीपुढच्या पाटावर बसणाऱ्या थोरल्या सुनेचा.

गेल्या भाद्रपदात तो पाट धाकट्या जावेने माझ्यादेखत ओढून घेतला. "जाऊबाई, तुमाले खाली बसता येत नाई, आता मान माह्याकडे. तुम्ही खुर्चीवर बसून हुकूम सोडा, सरपंचावानी!"

बायका हसल्या. मीही हसले, आणि ते हसू वर्षभर मंद आचेवर ठेवलं.

होळी होताच मिस्त्री बोलावला, चूल फोडली, पाट माळ्यावर टाकला आणि नवी चूल उभ्याने रांधायच्या ओट्यावर बांधून घेतली. "बाई, एवढा उंच काऊन?" मिस्त्रीने विचारलं. मी घरात सगळ्यांत उंच, जाऊ माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी. "माझ्या कमरेच्या मापाने बांध," मी म्हटलं.

त्या षष्ठीच्या संध्याकाळी, सणापुरतीच घरी येणारी जाऊ नव्या ओट्यावर पहिल्यांदाच दूध तापवायला आली. टाचा उंचावूनही तिला पातेल्यात दिसेना. दूध उतू गेलं.

"हा ओटा हाय का मचान?"

"मचानच. राखणीसाठी."

सांडलेलं पुसायला ती खाली बसली आणि उठताना तिच्या गुडघ्यात कट् वाजलं. ओटा धरून ती कशीबशी उभी राहिली. तो आवाज मी कित्येक वर्षं माझ्याच हाडांतून ऐकला होता. खोटं कशाला सांगू, मला तो जिभेवरच्या गुळासारखा गोड लागला; पण डाळ निवडून संपली तरी कानांतून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरचा पाट काढायला लावला, पुसला, ओट्यापुढे ठेवला. "चढ. पुरण घोटायला हात लाव," म्हटलं. ती पदर खोचून चढली. पहिल्यांदाच तिचा खांदा माझ्या खांद्याच्या जरा जवळ आला आणि वेलदोड्याची वाफ दोघींच्या तोंडावर येत राहिली. उतरताना तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

मी तो धरला. लगेच नाही, जरा थांबून.