हडळीचं माहेर दिघाशी

मी कवळ्या करते. भिवंडीत दातांच्या एका लॅबमध्ये अठरा वर्षं हेच काम चाललंय. लोकांच्या तोंडाचे साचे घ्यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, वर मेण चढवायचं आणि दात बसवायचे. घरात माझ्या कामाला भारी मान आहे. लॅबमधून आले की अंघोळ केल्याशिवाय सासूबाई मला पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत. "जगाचे थुकीत हात घालून आलीस, आदी न्हाऊन ये," हे माझं रोजचं स्वागत. त्यांच्या तोंडातली वरची-खालची कवळी मीच केलेली, आणि हे वाक्य त्या तीच कवळी लावून बोलतात.

मानकोलीत आमचं भाताचं खाचर होतं. आता तिथे एक प्रचंड गोडाऊन उभं आहे आणि त्या गोडाऊनच्या कंपनीत एक एचआर मॅडम आहेत. गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता त्यांचा मला फोन आला. नंबर आमच्या डॉक्टरांनी दिलेला. स्टाफसाठी हॅलोविनचा कार्यक्रम करायचा होता, त्यासाठी वीस जणांचे सुळे हवे होते. सुळे म्हणजे माझ्या हातचा मळ, मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "दात करताय म्हणजे चेहरापण करत असालच ना? एक मेन मॉन्स्टर पाहिजे. थोडा इंडियन टच. म्हणजे हडळ चालेल, पण क्लासी हडळ."

क्लासी हडळ कशी असते ते विचारायचं राहूनच गेलं, कारण तोवर मी त्यालाही हो म्हणून बसले होते. खरं कारण सांगते. चांगली कवळी कुणाला ओळखू येत नाही, ओळखू आली तर ती फसली. अठरा वर्षं मी अशाच वस्तू करत आले, ज्या कुणाला दिसल्या नाहीत तरच त्या चांगल्या. एकदा तरी मी केलेल्या कामाकडे चारचौघांनी डोळे फाडून बघावं, असं मला फार वाटत होतं.

हडळीला आधी एक माणसाचं तोंड लागतं. जिवंत चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्याची प्लास्टरची प्रत काढायची, तिच्यावर मातीने राक्षस चढवायचा आणि मग तो सिलिकॉनमध्ये उतरवायचा. तोंड द्यायला कुणी तयार होईना. एचआर मॅडमना मीटिंग होती. महिनाभर, अखंड. नवऱ्याचा चेहरा इतका गोलमटोल आहे की त्याच्यावर काहीही चढवलं तरी लोक पेढा मागतील. उरल्या सासूबाई. उभ्याआडव्या सुरकुत्या, ताठ नाक, धारदार हनुवटी. अर्धं काम तर देवानेच करून ठेवलेलं.

पण त्यांना सांगणार काय? "आई, तुमची हडळ करायची आहे"?

मी खोटं बोलले. नुसतं बोलले नाही, दुखऱ्या जागी बोट ठेवून बोलले. दर पितृपक्षात सासऱ्यांच्या फोटोला हार घातला की त्या एकच वाक्य म्हणतात, "माजे आयचा येक फोटू पन न्हाय गो." त्यांची आई दिघाशीची. ती गेली तेव्हा घरात कॅमेरा कुणी पाहिलेलाही नव्हता. "आता तर तिचा तोंडपन नीट आठवत न्हाय," असंही म्हणतात आणि मग दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. मी म्हटलं, "आई, तुमच्या चेहऱ्याचा साचा घेऊन ठेवते. नातवंडांना तुमचं तोंड कायमचं राहील. तुमच्या आईसारखं व्हायला नको." त्या उठून आत गेल्या. मग केसांना तेल लावून, बुचडा बांधून, नवं लुगडं नेसून आल्या. साचा गळ्याच्या वरचाच घेतात, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मी कापूस काढल्याबरोबर त्या उठून बसल्या. "नाकात कापूस घालतंस? मी मेले न्हाय अजून!" मग कापसाऐवजी उसाच्या रसवाल्याकडून आणलेल्या दोन नळ्या घातल्या.

त्यांनी विचारलं, "दात ठेवू ना गो तोंडान?"

"नको, काढा. साच्यात अडकतात."

अडकत नाहीत. कवळी काढली की गाल आत जातात, ओठ मुडपतात आणि म्हातारी दहा वर्षांनी म्हातारी दिसते. मला तेच हवं होतं. त्यांनी निमूटपणे कवळी काढून वाटीत ठेवली.

पुढचे दहा-बारा दिवस मी त्या प्लास्टरवर मातीने काम केलं, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. अठरा वर्षांच्या अंघोळी आठवून आठवून मी ते गाल खाली ओढले. बारशाला केलेले माझे वडे त्यांनी बाजूला सारले होते, त्याबद्दल पापण्या लोंबवल्या. मानेचं कातडं सैल केलं, कानाच्या पाळ्या जड दागिन्यांनी फाटल्यासारख्या लांबवल्या. हिरड्यांवर तीन काळे दात बसवले. हे दात तर अप्रतिम जमले. वर पांढरा विस्कटलेला टोप चढवला. सासूबाई रोज विचारायच्या, "झाला का माजा तोंड?" मी सांगायचे, "वाळतंय."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी घरी पत्रिका आली. मंडपाचा खर्च वाचावा म्हणून कंपनीने एकाच संध्याकाळी दोन समारंभ ठेवले होते, हॅलोविन आणि भूमिपुत्रांचा सत्कार. ज्यांच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं त्यांना शाल-श्रीफळ. सत्कारमूर्तींच्या यादीत सासूबाईंचं नाव पहिलं! त्यांनी ती हडळ पाहिली तर त्या मला घरात ठेवतील की नाही हा प्रश्नच नव्हता, ठेवतील. फक्त पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलणार नाहीत आणि ते त्यांना झेपेल, मला नाही. मी नवऱ्याला बजावलं, त्यांना उशिरा आण, भुतांचं आटोपल्यावर.

या माणसाने आयुष्यात एकदाच कुणाला वेळेआधी पोचवलं.

गोडाऊनमध्ये सकाळीच झाडूवाल्यांनी खरी जळमटं काढली होती आणि दुपारी त्याच जागी नायलॉनची लावली होती. पहिल्या रांगेत सोफे. त्यावर आमच्या गावचे सगळे म्हातारे टोप्या-लुगड्यांत, आणि मधोमध सासूबाई. डिस्पॅचचा सुपरवायझर हडळ झाला होता. चांगला दोन पोरांचा बाप, पण असा घुमला की मागच्या मुली खरोखर किंचाळल्या. सगळे डोळे फाडून बघत होते. माझी इच्छा पुरी झाली होती आणि मी खांबाच्या आड उभी राहून देवाचं नाव घेत होते.

हडळ पहिल्या रांगेसमोर आली, नखं पसरून ओरडली. सासूबाई उभ्या राहिल्या.

"थांब."

तो थांबला. त्यांच्यापुढे कुणीही थांबतं. त्यांनी हात वर करून त्या लोंबत्या गालावर ठेवला. मग फाटक्या पाळीवरून बोट फिरवलं, हळू.

"आये," त्या म्हणाल्या. "आये गो."

ओठ एवढे थरथरत होते की कवळी वाजली. त्यांच्या तोंडावर मी राग राग करून वीस वर्षांचं म्हातारपण चढवलं होतं आणि खालून त्यांची आई निघाली होती. मला रडूच फुटलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

एचआर मॅडमना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सत्कार झाला. सासूबाईंनी मिळालेली शाल काढून हडळीच्या खांद्यावर टाकली, "या एसीत गारठली असंल." आणि त्या सुपरवायझरला शेजारी बसवून साहेबांची सगळी भाषणं संपेपर्यंत त्याचा हात हातात धरून ठेवला. तो बिचारा नखं सांभाळत गप्प बसून राहिला. नंतर मी त्याच्या तोंडावरून सिलिकॉन सोडवलं, जपून, थोडं थोडं तेल लावत. तरी नाकापाशी फाटलंच. असली तोंडं एकदाच वापरायची असतात.

घरी येताना गाडीत ते तोंड त्यांच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "साचा आहे माझ्याकडे. दुसरं करून देते, न फाटलेलं."

"हां." आमचा फाटा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तू तिला कवा पाह्यली नव्हतीस. तरी कशी जमवलीस?"

मी हात पुढे करून त्या तोंडाची नाकापाशी फाटलेली कड जुळवू लागले.

"मना काय समजत न्हाय?" त्या बाहेर बघत म्हणाल्या. "कवळी काढाला लावलीस तवाच समजला, माजा काय करतंस ते. पन बसले. म्हटला, करू दे, पोरीचा राग तरी निघंल."

नवऱ्याने आरशातून मागे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आयचा झाला," त्या म्हणाल्या. "आता माजा कर. या रविवारी. आन् दात घालून."

गाडीतून उतरल्यावर मी सवयीने अंघोळीकडे वळले. त्यांनी माठातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.