जपानी नाटकातला मराठी नोकर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी अमेरिकेतल्या कॅरी गावात राहत होतो. दिवसभर लॅब, रात्री खिचडी, आणि मराठी बोलायचं ते फक्त फोनवर आईशी. एका शनिवारी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेलो, तर बाजूच्या हॉलमधून कुणीतरी मोठमोठ्यानं हसताना ऐकू आलं. हसायचं, थांबायचं, पुन्हा तस्संच हसायचं. दारातून डोकावलो. सत्तरीच्या एक जपानी बाई कमरेत वाकून हसायला लागत होत्या आणि हसत हसत ताठ होत होत्या. समोर चार-पाच शिकाऊ मंडळी.

"आत ये," मला पाहून त्या इंग्रजीत म्हणाल्या. "इथे सगळ्यांना मालक व्हायचंय. मला नोकर हवाय."

अशी माझी क्योगेनशी ओळख झाली. हे जपानचं शेकडो वर्षं जुनं विनोदी नाटक. नेपथ्य जवळजवळ नाहीच. दार उघडायचं असलं की नट नुसतं हातानं दाखवतो आणि तोंडानं "सारा सारा सारा" म्हणतो, दार उघडलं! ते शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत. मीही म्हणायचो, पण मनात त्या माझ्या 'बाई'च होत्या, शाळेतल्यासारख्या.

मला हसताच येईना. घशातून काहीतरी खरखरायचं.

"मनातून हसू नकोस," बाई म्हणाल्या. "पोटातून हस. मन येईल मागून."

खरंच आलं. आठवड्यामागून आठवडे मी तिथे जात राहिलो. बाई ड्राइव्ह करत नसत, म्हणून मीच त्यांना आणायचो, सोडायचो. गाडीतही तालीम चालायची, त्या मालक आणि मी नोकर. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघत राहायचे.

वसंतात प्रयोग झाला. मालक नोकराला पाहुण्याकडे निरोप घेऊन पाठवतो, नोकर वाटेतच झोपतो आणि परत येऊन थापा मारतो, एवढीच गोष्ट. मालक झालेल्या बाईंनी विचारलं, "काय म्हणाले पाहुणे?" आणि माझं पाठ केलेलं जपानी वाक्य साफ उडालं. बाई डोळे रोखून उभ्या. पोटातून आवाज निघाला तो मराठीत, पण अगदी त्याच हेलात:

"मालक, ते घरीच नव्हते होऽऽ! दाराला हे एवढं मोठं कुलूऽऽप!"

"अगं बाई, मराठी!" दुसऱ्या रांगेतून एक काकू ओरडल्या आणि खळखळून हसल्या. बाकीच्यांना एक शब्द कळला नव्हता, तरी सगळा हॉल हसायला लागला. बाईंची पापणीसुद्धा लवली नाही. त्यांनी जपानीतच मला झापलं, जणू त्यांचा नोकर पहिल्यापासून मराठीच होता.

पडद्यामागे मी माफी मागायला लागलो.

"घाबरलेला नोकर असंच बोलतो," त्या म्हणाल्या. "पण चालताना टाच उचललीस. पाय जमिनीवरून सरकवत न्यायचा असतो. ते चुकलं."

बाहेर त्या काकू थांबल्या होत्या. "आज आमच्याकडेच जेवायचं, दोघांनीही." थालीपीठ खाता खाता बाईंनी मला त्या वाक्याचा अर्थ विचारला. तो ऐकल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं, तोंडावर हात धरला आणि त्या हसल्या. शिकवतात तसं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "हे वाक्य ठेवू."

पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते राहिलं. परक्या गावात मला माझ्याच भाषेत मोठ्यानं बोलायला जागा दिली ती या जपानी बाईंनी. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.