घड्याळकाकांचा हलका हात

घड्याळकाकांनी चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली आणि दुकान बंद करून घरी बसल्यापासून घरातल्या एकाही वस्तूला सुखानं जगू दिलं नाही. त्यात कान भारी तिखट. शेजारच्यांचं घड्याळ अडखळतंय हे भिंतीपलीकडून ओळखणारा माणूस; त्याला सुनेच्या कॉम्प्युटरचा घरघरणारा पंखा कसा सोसावा?

सूनबाई इमारतींचे नकाशे काढायची. एका शाळेचा नकाशा त्या दिवशी पाचच्या आत पाठवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. सकाळी ती जागा बघायला बाहेर पडली आणि काकांचे हात शिवशिवले. त्यांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली, प्रोसेसरवरचा पंख्यासकट कूलर काढला, धूळ झाडली, खालची उष्णता खेचणारी पेस्ट वाळली होती ती पुसून सुनेच्या खणातली नवी लावली आणि कूलर परत बसवला. दोन मिनिटं चालू करून पाहिलं. पंखा गप्प. काका मिशीतल्या मिशीत हसले.

दुपारी दोनला सूनबाई कामाला बसली. दहा मिनिटांत पंखा पिसाळला, तापमानाचा आकडा अठ्ठ्याण्णववर गेला आणि पडदा काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच.

"आई, हा गेला बहुतेक," ती सासूला म्हणाली. "दुकानात दिला तर दोन दिवस ठेवून घेतील. शाळा गेली हातची."

काका पेपरात तोंड खुपसून बसले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "पंधरा मिनिटं त्या एका जाहिरातीत काय वाचताय? सकाळी स्क्रूड्रायव्हर कशाला काढला होता, ते सांगा तिला."

"धूळ होती जराशी," काका पुटपुटले.

सुनेनं स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला.

पण माणूस कामाचा. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पेटी पुन्हा उघडली. पंख्याची वायर जागेवर होती. कूलर उचलला, तर पेस्ट एका बाजूला चपटी झालेली आणि दुसरीकडे जशीच्या तशी. म्हणजे कूलर तिरका बसला होता, अर्धा टेकलाच नव्हता. त्याचे चार प्लास्टिकचे पाय भोकांत 'कट्' वाजेपर्यंत दाबायचे असतात. दोन नुसते टेकवलेले. ज्या हातानं जन्मभर केसाएवढी स्प्रिंग श्वास रोखून बसवली, त्याला दाबणं ठाऊकच नव्हतं.

पेस्ट पुसून पुन्हा लावली. कूलर ठेवला. काकांनी अंगठा टेकवला, 'कट्' काही येईना.

"मोडेल गं," ते म्हणाले.

"सरका. प्रवासाला निघताना कोंबलेल्या बॅगेची चेन कोण लावतं या घरात?" काकूंनी पदर खोचला. एक कोपरा, कट्. समोरचा, कट्. मग उरलेले दोन. काका इंजेक्शन घेतल्यासारखे डोळे मिटून उभे.

मग सूनबाई कामाला लागली आणि काका मागे उभे राहून आकडा वाचू लागले. "साठ... एकसष्ट... साठ..."

"बाबा, मनात मोजा."

पाचला आठ मिनिटं असताना शाळा रवाना झाली. सूनबाई खुर्चीत मागे रेलली.

"बाबा, एक सांगू? माझ्या कपाटाचं दार करकरतं. ते तुम्ही ऐकलेलं नाही, असं समजा."

"आठवडा झाला ऐकतोय," काका म्हणाले. काकूंनी उठून स्क्रूड्रायव्हर आपल्या कमरेला खोचला.