दोन टिंबं

मी हरिदास. आर्वीले एसटी डेपोच्या मागं माह्यं गॅरेज आहे. जुन्या गाड्यायचे कार्बोरेटर खोलून नव्यासारखे करून देतो, अन् काम झालं का त्याच्या अंगावर पंचनं दोन टिंबं मारतो. टिंबं पाह्यले का लोकं म्हनतात, हरिदासचा हात आहे, बिनघोर राहा. त्याचा मले लय माज होता, बापा!

परवा पुलगावची पौर्णिमा तिच्या बाबाची, प्रफुल्ल मास्तरायची, जुनी मारुती घेऊन आली. "भाऊ, हळू केली का बंदच पडते. दोन साल झाले, बाबानं चालवनंच सोडलं. म्हनतात, कार्बोरेटर चांगला आहे, माह्याच पायाले आता अंदाज राह्यला नाई."

खोलून पाह्यलं. वरून चकचकीत, अन् आतली दांडी ही ढिली! बाजूनं हवा ओढून राह्यला होता. तिथं दांडीले घट्ट धरनारी नळी, पितळी बुश, टाकाले पाह्यजे होता. कोनीतरी नुसतं पॉलिश मारून दिलं होतं. मी चहाटपरीपर्यंत ऐकू जाईल असा बोंबललो, "कोन्या गाढवाचं काम आहे हे? मास्तरायले फसवलं हरामखोरानं!"

मंग फडक्यानं काजळी पुसली. खाली दोन टिंबं.

आठवलं. दोन-अडीच सालाआधी मीच केला होता, लगनसराईची घाई होती. दांडी हलते हे मले तवाच दिसलं होतं, अन् चालते म्हनून देऊन टाकला होता. पौर्णिमा बाहेर फोनवर बोलत होती. मी कानस घेतली अन् दोन्ही टिंबं घासून टाकले. लाज वाटत होती, पन हात थांबला नाई.

बुश टाकला, गाडी मस्त झाली. पन मास्तर आपल्याच पायाले दोष देत बसले आहेत, हे मनातून जाईना. शेवटी पौर्णिमासंग मीच पुलगावले गेलो.

"मास्तर, तुमचा पाय बराबर होता. माह्यं काम खोटं होतं."

"हट! मले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यला तू. तुह्या टिंबाचा कार्बोरेटर खोटा निघन का?" त्यायनं बोनेट उघडलं, चष्मा सावरत वाकले, बोटानं चाचपून पाह्यलं. बोट घासल्या जागी थांबलं.

"काम बिघडते, हरिदास, मानूस आहे. पन टिंबं काऊन घासले रे?"

मास्तरायनं चाबी घेतली, एकटेच बसले, चौकापर्यंत हळूहळू जाऊन आले. गाडी कुठंच बंद पडली नाई. उतरले, अन् मले चहाही न विचारता घरात गेले.