एका बोटावर चालून राहिली जिनिंग

भाऊहो, कोणी तरी उपाय सांगा!

आमच्या अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारी प्रेस कॉम्प्युटरवर चालते. दोन्हींना जोडणारी वायर मात्र घरच्या प्रिंटरची, साधी यूएसबी. प्रेसनं दणका दिला की पिन हलते अन् अर्धी गाठ आत अडकून सगळं बंद पडते.

सकाळी पिन घट्ट बसावी म्हणून आम्ही भोवती कापूसच कोंबला. त्याचे तंतू आत शिरले. आता तर हात सोडला की पिन निसटते.

शेठजी म्हणतात, "माह्या घरी तर हीच वायर मस्त चालते!"

"तुमच्या घरी प्रेस हाय काय, शेठजी?"

फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. मी पिन बोटानं दाबून बसलो अन् डाव्या हातानं हे लिहून राहिलो. जेवणाचा डबा समोर तसाच बंद आहे. सांगा, बोट काढू काय?