पाटाखालचं बदक

मंडळी, आधीच सांगतो, मी या भुताखेतांच्या लायनीतला माणूस नाही. आमच्या करमाळ्यात तिठ्यावर कोणी उतारा ठेवला की बाकीची पोरं लांबून वळसा घालायची, आणि मी त्यातला नारळ उचलून खायचो. मला दोनच गोष्टी जमतात, चित्रं काढणं आणि लोकांच्या नकला करणं. भूत भेटलं असतं तर आधी त्याची नक्कल केली असती!

तरी हे लिहितोय… कारण जे झालं ते भर दुपारी झालं, पंखा चालू असताना, खाली भंगारवाला ओरडत असताना. आणि झालं ते माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर.

मी कोपरखैरण्यात, बोनकोडे गावात भाड्याने राहतो. दुसरा मजला, मी आणि रूममेट निखिल, दोघंही इलस्ट्रेटर. खाली घरमालकीण बामा मावशी. गावच्या जुन्या आगरी घरातली, आवाज असा की तिने खालून "पानी आला" म्हटलं की पलीकडच्या सोसायटीतले लोक बादल्या लावतात. तिची नक्कल मी तिच्याच समोर करतो आणि तीच सगळ्यात जास्त हसते.

तर, मावशीच्या नातीचं, सायलीचं लग्न ठरलं. एक दिवस मावशी जिना चढून वर आली, हातात पदरात गुंडाळलेला फोटो.

"र माकडा, तुझ्या त्या मशीनवर यो चौक निघल का?"

फोटो तिच्याच हळदीचा. काळा-पांढरा. शेणाने सारवलेली जमीन, त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला मोठा चौक, मधोमध पाट आणि पाटावर तोंड पाडून बसलेली तरुण बामा मावशी. चौक काढला होता तिच्या आतेने. ही आते धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी, सगळे विधी करवून घेणारी बाई. त्यांच्या घरातल्या सगळ्या मुली त्याच चौकावर बसून नवऱ्या झाल्या. आते गेली, तसा चौक पण गेला. उलव्याकडचं ते माहेरचं घर विमानतळात गेलं. उरला तो हा एक फोटो.

"सायली याच चौकावर बसनार. एक रेघ हिकडची तिकडं झालेली मना चालनार नाय."

"मावशी, एवढी लाडकी होती का आते?"

"सोन्यासारखी बाई. पन माज्याशी एकदा खोटा बोलली. शेवटी आजारी पडली तवा बोलवत होती मना… मी गेली नाय." मग एकदम आवाज बदलून, "चौक मात्र तिचाच पायजे. कर तुजा काम."

प्लॅन सोपा होता. फोटोवरून रेघा काढायच्या, पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये प्लास्टिकच्या शीटवर छापा कापून घ्यायचा, हळदीला वरून पीठ चाळायचं… झाला चौक. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरचं नवीन अपडेट आलं होतं. त्यात दोन भारी गोष्टी. एक, चौकाचा एक कोपरा काढला की बाकीचे तीन आपोआप तसेच निघतात. दुसरी अजून भारी, फोटोतल्या एखाद्या वस्तूवरून ब्रश फिरवला की ती गायब, आणि तिच्यामागे काय असेल ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. दर वेळी तीन पर्याय देतं.

कोपरे झाले फटाफट. मग मी पाटावरून आणि मावशीवरून ब्रश फिरवला (तिच्यावरून फिरवताना उगाच "सॉरी मावशी" म्हणालो) आणि बटण दाबलं.

पाट गेला. मावशी गेली. चौकाच्या रेघा मधोमध आल्या आणि… मध्ये बदक.

फोटोतलं खरं बदक नाही हां. पिठाने काढलेलं, बोटाएवढ्या जाड रेघेचं, बाकी चौक काढलाय अगदी त्याच हाताचं. मान मागे वळवलेली. एक पाय वाकडा, त्याला दोरी बांधलेली.

मी हसलो. एआय आहे, कधी माणसाला सहा बोटं देतं, तर लग्नाच्या चौकात बदक द्यायला काय जातंय! दुसरा पर्याय बघितला. बदक. तिसरा. बदक. तेच, तशीच मान, तशीच दोरी. मग मी लिहून सांगितलं, फक्त नक्षी, प्राणी-पक्षी नको. परत तीन पर्याय, परत तीन बदकं.

"निखिल, इकडे ये. याला भूक लागलीय वाटतं."

निखिलने तोच फोटो त्याच्या लॅपटॉपवर टाकला. तेच अपडेट, तेच टूल. त्याला आलं एक कमळ, एक चांदणी आणि एक नुसती जमीन. माझ्याकडे बदक! निखिल म्हणाला, "तुझी लायकी ओळखलीय त्याने."

तेवढ्यात मावशी आली चौकशीला. "झाला क?"

आता मला मस्ती सुचली. म्हटलं, "झाला, पण मधे एक पाव्हणा आलाय. ओळखा कोण." आणि मी उभा राहून नक्कल सुरू केली. पार्श्वभाग मागे, एक पाय फरफटत, मान मागे वळवून वळवून बघत… क्वॅक, क्वॅक… खोलीभर एक फेरी मारली. निखिल लोळायचा बाकी होता.

मावशी हसली नाही.

"परत कर."

"काय?"

"ती मान. परत कर."

मी परत केली. या वेळी मलाच हसू येईना. मावशी दाराला धरून खाली बसली.

"माजा बदक हाय यो."

मग ती बोलली ते असं. लहानपणी मिठागरावर तिला बदकाचं पिल्लू मिळालं होतं. पाय मोडका. खाडीत जाऊ नये म्हणून पायाला दोरी बांधलेली. चालताना सारखं मागे वळून बघायचं, ही येतेय का म्हणून. हळदीच्या दिवशी पाहुणे वाढले आणि बापाने ते कापलं. ही रडून पाटावर बसेना. तेव्हा आतेने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं, थोड्या वेळाने हिला आत घेतलं. तेव्हा चौक काढून तयार, वर पाट ठेवलेला.

"बोलली, बस पाटावर, तुजा बदक तुज्यासंगं येतंय. मी बसली. सासरी आली, दारात उभी राहून वाट बघली… कंचा बदक नि काय! वाटला, मना गप करन्यासाठी फसवली."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने स्क्रीनला न लावता त्या दोरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे मी त्याच्यावरच बसली व्हती र." आणि डोळ्याला पदर लावून जिना उतरून गेली.

आता हुशार लोक कमेंटमध्ये येतील, म्हणून आधीच सांगतो. फोटोत पाटाखालचं काही म्हणजे काहीच दिसत नाही, मी पिक्सेल पिक्सेल बघितलंय. बदकाबद्दल मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. निखिल म्हणतो, एआयने ढीगभर चित्रं बघितलीत, आलं असेल त्यातून कुठून तरी. मी म्हटलं, आणि दोरी? त्यावर तो चहा टाकायला गेला. दुसऱ्या दिवशी मी तोच फोटो, तसाच ब्रश फिरवून परत बघितला, तर रिकामी सारवलेली जमीन. बदक परत कधीच आलं नाही. सेव्ह केलेली फाइल तेवढी आहे.

छापा मावशीने मधला भाग मोकळा ठेवून कापून घ्यायला लावला. हळदीच्या दिवशी पीठ चाळून झालं, तशी तिने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. सायलीलासुद्धा. दार लावून घेतलं. उघडलं तेव्हा वर पाट होता आणि मावशीची बोटं पांढरी.

सायली बसली, सगळ्यांसारखा मी पण फोटो काढला. आणि खरं सांगू? चार दिवस दम धरला, पाचव्या दिवशी तो फोटो लॅपटॉपवर घेतलाच. पाटावरून ब्रश फिरवला. बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं…

"माकडा!"

मावशी दारात, हातात लग्नातल्या लाडवांचा डबा. तिने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी फाटकन लॅपटॉप मिटला.

"त्या मशीनला इचारू नको हां," ती डबा ठेवत म्हणाली. "आमच्या पोरीला बी म्हातारपनी कलू दे."