बिजागरीची फळी

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून झोपताना एक फळी आडवी टेकवायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझी खाट चौकटीजवळ आहे. तिथून वारा लागतो, रस्ता दिसतो आणि कोण कुणाकडे किती वेळ बसलं तेही कळतं.

कोरोनात देऊळ बंद झालं तशी माझ्या मुलाची तेल आणि रुईच्या माळा विकायची टपरीही बंद पडली. पंचेचाळिशीचा माणूस दिवसभर घरी बसला की मोबाईल बघतो. याने मोबाईलमध्ये बघितलं की कॉम्प्युटर बनवून घरबसल्या इंटरनेटवरची नाणी काढता येतात.

"नाणी काढायची म्हंजी टांकसाळ का?" मी विचारलं.

"न्हाई आई, मायनिंग. खाण."

टांकसाळ म्हणावी तर नाणं दिसत नव्हतं, खाण म्हणावी तर माती निघत नव्हती. मी चौथी शिकलेली, म्हणून गप्प राहिले. तो बारावी शिकलेला, म्हणून बोलत राहिला.

पुण्याहून खोकी आली. वेल्डिंगवाल्याकडून त्याने लोखंडी अँगलची मांडणी करून आणली. टपरीत तेलाचे डबे ठेवायची होती, अगदी तशीच. तीत पाट्या बसवल्या. एका पाटीचं नाव मदरबोर्ड. वारा पाहिजे म्हणून हे सगळं माझ्या जागेवर मांडलं आणि माझी खाट मागच्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारी गेली. घरातल्या आईला उठवलं आणि पाटीला आई म्हणून बसवलं. वर दोन दिवस ते चालूच होईना. तिसऱ्या दिवशी सुनेने बघितलं, पंख्यांवरचं प्लास्टिक काढायचंच राहिलं होतं.

चालू झालं तेव्हा पिठाची गिरणी घरात आल्यासारखा आवाज सुरू झाला. आणि मुलाला चोराची भीती वाटू लागली. जन्म बिनदाराच्या घरात गेला, तोवर कधी वाटली नव्हती. तेव्हा घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

एके दिवशी तो सागवानी फळी, बिजागऱ्या आणि कडी घेऊन आला.

"दार लावतोस व्हय रं?"

"दार न्हाई आई. फळीच हाय. फक्त उभी."

"आणि बिजागरी?"

"पडू नये म्हणून."

"कडी?"

"हलू नये म्हणून."

गावातल्या सुताराने हात लावायला नकार दिला, म्हणून याने स्वतःच ठोकली. लोक येऊन बघून जायचे. "काय फळी हाय!" म्हणायचे, आणि पुढे जाऊन हसायचे. मी मुलाला सांगितलं, मला वाऱ्याला बसू दे, नाहीतर तुझी खाण उचल. तो म्हणाला, बघू.

त्याच आठवड्यात सून सोनईला माहेरी गेली आणि याला नगरला जायची पाळी आली. वीज पुरवणारा डबा कमी पडत होता, दुसरा आणायचा होता. निघताना म्हणाला, "आई, तू आत हाय, मला काळजी न्हाई." आणि बाहेरून कुलूप घालून गेला. चोराने नेऊ नये म्हणून मशीन कोंडलं, मशीनजवळ मी होते, म्हणून मीही.

थोड्या वेळात खोलीची भट्टी झाली. मी वायर ओढून मशीन बंद केलं. गरमीचं निभलं, पण संडास अंगणात होता आणि मला साखरेचा त्रास. माझा जीव कशात अडकला होता ते वेगळं सांगायला नको.

मी खिडकीतून शेजारच्या जावेला हाक मारली. ती आली, तिच्यामागे चार पुरुष आले. एकाने फोन लावला, मुलाचा लागेना.

"दगड घाला कुलपावर," एक म्हणाला.

"तूच घाल की."

"मी का? उद्या गावात काय बी झालं की म्हणतील, ह्याला कुलूप फोडाया येतं."

ते खरंच होतं. कुलूप नसलेल्या गावात कुलूप उघडता येणारा माणूस कोण असणार? चौघेही हात मागे बांधून उभे राहिले.

"आरं, पंचायत मग भरवा," मी आतून ओरडले, "मला जायचंय!"

जाऊ फळीकडे निरखून बघत होती. "आक्का," ती म्हणाली, "बिजागऱ्या तर भायेरच हायेत!"

जन्मात दार न लावलेल्या माणसाने बिजागऱ्या बाहेरच्या अंगाने, सगळे स्क्रू दिसतील अशा ठोकल्या होत्या. जावेने घरून सुरी आणली, आठ स्क्रू काढले आणि फळी कुलपासकट बाजूला केली. मी कुणाकडे न बघता संडासात गेले.

मुलगा आला तेव्हा फळी अंगणात पडली होती, कुलूप तिला तसंच होतं आणि माझी खाट चौकटीत होती. जावेने आणि मी दोघींनी ओढून आणली होती.

"मशीन बंद केलंस? आई, तीन तास गेलं!"

"माझं बी तीन तास गेलं," मी म्हणाले. "आता हितनं एकजण हलणार. मी हलायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मशीन सोनईला त्याच्या सासरवाडीला गेलं. तिथे पक्कं दार आहे, आतून कडी आहे, बाहेरून कुलूप आहे. किल्ली त्याच्या सासूच्या कमरेला असते. मशीन बघायला गेला की तो त्यांच्या पायरीवर बसतो आणि सासू मळ्यातून यायची वाट बघतो.